नॅश-हीलीचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

नॅश-हीली म्हणजे इटालियन बॉडीची अमेरिकन स्पोर्ट्स कार, एवढं लिहून बरेच जण मोकळे होतात. पण 1951 च्या गाड्यांना इटलीचा हातही लागलेला नव्हता. त्यांची ॲल्युमिनियमची बॉडी इंग्लंडमध्ये पॅनेलक्राफ्टने बनवली. तुरिनच्या पिनिन फारिना या इटालियन बॉडी-निर्मात्याची बॉडी आली 1952 पासून. त्यामुळे एकूण बनलेल्या 506 च्या 506 गाड्या इटलीच्या खात्यावर टाकू नका. पहिल्या वर्षीच्या 104 वजा करा.

फोटोवरून ओळखायचं तर हेडलाइट बघा. ते समोरच्या ग्रिलच्या आत बसवलेले असतील तर बॉडी पिनिन फारिनाची.

सगळ्यात मोठा घोळ फ्रान्समधल्या 24 तासांच्या ल मान्स शर्यतीचा. 1950 मध्ये चौथा क्रमांक, 1952 मध्ये दोन मर्सिडीजच्या मागे तिसरा. दोन्ही निकाल खरे. पण धावल्या त्या खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या, शोरूममधली इटालियन सुंदरी नव्हे. त्यात कंपनीने पुढे कूपेलाच (बंद छताच्या गाडीला) 'ल मान्स' नाव दिलं, मग गोंधळ होणारच!

हीली नाव दिसलं म्हणून ऑस्टिन-हीली ही दुसरीच गाडी आठवून ऑस्टिनचं चार सिलिंडरचं इंजिन हिच्या माथी मारू नका. इंग्लंडचे कार-निर्माते डोनाल्ड हीली कॅडिलॅकची इंजिनं मिळवायला अमेरिकेला निघाले होते. 'क्वीन एलिझाबेथ' जहाजावर त्यांची अमेरिकन कार कंपनी नॅशचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्याशी गाठ पडली. कॅडिलॅकचं जमलं नाही, म्हणून नॅशचं सहा सिलिंडरचं इंजिन आलं. इटालियन बॉडी म्हणून हडसन इटालियाशीही गल्लत करू नका; ती तर वेगळीच गाडी, तिची बॉडी मिलानच्या टूरिंग कंपनीची.

'गाडीत दम नव्हता म्हणून खपली नाही' हेही सर्रास वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. हिला खाल्लं ते प्रवासाने. विस्कॉन्सिनमधल्या केनोशाहून इंजिन जहाजाने इंग्लंडला, वॉरिकला ते हीलीच्या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) चढायचं, तिथून सगळं तुरिनला, बॉडी बसली की पुन्हा जहाजाने अमेरिकेला. एवढी वरात काढल्यावर किंमत सहा हजार डॉलरच्या घरात गेली. 1953 ची शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट 3,498 डॉलरला होती.

आणि कुणी 1954 ची ओपन रोडस्टर (उघड्या छताची गाडी) म्हणून फोटो दाखवला तर आधी कागदपत्रं बघा. त्या वर्षी फक्त कूपेच बनत होती.