जुन्या लेन्सने कोळी आणि त्याचे जाळे टिपताना

पावसाळा सरत आला की ठाण्याजवळच्या येऊरच्या पायवाटांवर दोन झाडांमध्ये जायंट वुड स्पायडरची सोनेरी झाक असलेली मोठाली जाळी दिसू लागतात, आणि ठाण्यातल्या सोसायट्यांच्या कुंपणावरही सिग्नेचर कोळ्याची मादी नागमोडी रेघांच्या फुलीवर पाय जोडीजोडीने ताणून, डोके खाली करून बसलेली सापडते. हे सारे जवळून टिपण्यासाठी महागडी मॅक्रो लेन्स असलीच पाहिजे असे नाही. फिल्मच्या काळातली ५० मि.मी.ची साधी लेन्स पुरते. खरी मेहनत प्रकाशावर घ्यावी लागते, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

लेन्स घेताना तिच्यावर ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, स्वतंत्र रिंग आहे ना, हे आधी पाहावे, कारण जवळून टिपताना लेन्स उलटी जोडतात; तशी लेन्स कॅमेऱ्याचे काहीही ऐकत नाही आणि ॲपर्चर हातानेच लहान-मोठे करावे लागते. निकॉनची जुनी ५० मि.मी. एफ १.८, पेन्टॅक्सची टाकुमार किंवा सोव्हिएत बनावटीची ५८ मि.मी.ची हेलिओस ४४-२ यांपैकी कोणतीही चालते. हेलिओसची एक सोय मला विशेष आवडते: एका रिंगने ॲपर्चर आधी ठरवून ठेवता येते आणि दुसऱ्या रिंगने ते सहज उघडता-मिटता येते, त्यामुळे उजळ चित्रावर फोकस साधून, डोळा न हलवता ते ठरलेल्या जागी मिटवता येते. फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा ओळखीच्या माणसाकडून जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आरपार पाहावे. कोळिष्टकासारखे पांढरट धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि तशी लेन्स घेऊ नये.

लेन्स जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रिव्हर्स रिंग, जी लेन्सच्या फिल्टरच्या आट्यांत बसते आणि लेन्स उलटी करून कॅमेऱ्याला जोडते. निकॉनच्या त्या लेन्सला ५२ मि.मी.ची, तर हेलिओसला ४९ मि.मी.ची रिंग लागते. उलट्या लेन्ससमोर कोळी साधारण त्याच अंतरावर येतो, जिथे एके काळी फिल्म असायची, म्हणजे लेन्सच्या माउंटपासून (कॅमेऱ्याला बसणाऱ्या टोकापासून) सुमारे ४५ मि.मी.वर. ५० मि.मी.ची लेन्स उलटी केली की सेन्सरवर जवळजवळ प्रत्यक्षाएवढी प्रतिमा मिळते आणि २८ मि.मी.ची केली तर दुपटीहून मोठी, पण कोळ्यापासूनचे अंतर मात्र फारसे बदलत नाही. दुसरा मार्ग म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मि.मी.चा आकडा), हा तिचा सोपा हिशेब आहे: ५० मि.मी.च्या लेन्समागे ५० मि.मी.ची ट्यूब लावली की प्रमाण एकास एक होते, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा प्रत्यक्षाएवढीच येते. जायंट वुड स्पायडरसारख्या मोठ्या कोळ्यासाठी मी जुनी १३५ मि.मी.ची लेन्स ट्यूबसह वापरतो, कारण ती लांबून काम करते आणि जाळ्याच्या आधारदोऱ्यांना धक्का लागत नाही.

एकास एक प्रमाणात ॲपर्चर एफ ८ ठेवले (आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) तरी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. ॲपर्चर आणखी मिटवण्याचा मोह टाळावा, कारण या प्रमाणात एफ ८ हे परिणामाने एफ १६ होते आणि त्यापुढे बारकावे मऊ पडू लागतात. फोकसची रिंग विसरून जावी आणि शरीर किंचित पुढे-मागे नेत डोळ्यांवर स्पष्टता आली की बटण दाबावे. डाव्या हाताची बोटे फांदीला किंवा भिंतीला टेकवून त्याच हातावर लेन्स ठेवली, तर निम्मी थरथर तिथेच थांबते.

उरलेली थरथर फ्लॅश थांबवतो. एक सोळांश किंवा एक बत्तीसांश शक्तीवर त्याचा लखलखाट इतका क्षणिक असतो की हात हलला तरी चित्रात उमटत नाही. शटर १/२०० आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २०० ते ४०० पासून सुरुवात करावी. मात्र उघडा फ्लॅश कोळ्याच्या चकचकीत अंगावर पांढरे डाग पाडतो. यासाठी पुठ्ठ्याचा नळकांड्यासारखा पन्हाळ करून त्याला आतून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल लावावी आणि त्याचे तोंड लेन्सच्या टोकापर्यंत आणून त्यावर ट्रेसिंग पेपरचे दोन थर ताणावेत. प्रकाश देणारा पृष्ठभाग कोळ्याच्या जितका जवळ आणि त्याच्या नजरेतून जितका मोठा, तितका प्रकाश मऊ. लेन्सबरोबर फ्लॅशही जुना वापरायचा असेल तर आधी त्याच्या ट्रिगरचे व्होल्टेज मोजून घ्यावे. काही जुन्या फ्लॅशमध्ये ते २०० व्होल्टच्याही वर असते आणि डिजिटल कॅमेरा त्याने कायमचा बिघडू शकतो.

सरावासाठी उडी मारणारे कोळी उत्तम, कारण ते घराच्या भिंतीवर आणि कुंडीतल्या पानांवरही भेटतात. त्यांच्या समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांचा आतला भाग हलतो. तो आपल्याकडे वळला की डोळे गडद काळे दिसतात, आणि नेमका तोच क्षण टिपावा. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातून नोंदवलेल्या अशाच एका नव्या प्रजातीला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. आपल्या अंगणातही अनोळखी जीव असू शकतो, म्हणून प्रत्येक छायाचित्रासोबत जागा, तारीख आणि झाडाचे नाव लिहून ठेवावे, व एक चित्र वरूनही घ्यावे.

जाळ्यासाठी मात्र फ्लॅश बंद करावा. सकाळी, वारा सुटण्याआधी, कोवळे ऊन जाळ्याच्या मागून किंवा बाजूने येईल आणि पाठीमागे सावलीतली झाडी राहील अशी जागा धरली की धागे काळोखावर उजळतात. सगळे जाळे स्पष्ट हवे असेल तर सेन्सर जाळ्याला समांतर ठेवावा. तिरके उभे राहून ॲपर्चर पूर्ण उघडले, तर धाग्यांवर इंद्रधनुष्यी रंग उमटतात. जुन्या लेन्सवरचे कोटिंग समोरच्या उन्हाला तोंड देण्यात कमी पडते आणि चित्र फिके होते, म्हणून काळ्या कागदाचे हूड जरूर लावावे. दव नसेल तर फवाऱ्याने पाणी मारू नये, पीठ भुरभुरू नये आणि आड येणारी फांदी तोडू नये; जाळे हे त्या कोळ्याचे घर आहे आणि अन्न मिळवण्याचे साधनही.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, तेव्हा वनखात्याच्या नाक्यावरचे वेळेचे व प्रवेशाचे नियम पाळूनच आत जावे. उलट्या लेन्सची मागची काच उघडी असते आणि आपल्या हवेत ओल फार, म्हणून घरी आल्यावर ती मऊ कापडाने टिपून, रात्रभर कोरडी होऊ देऊन, मगच सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. जेलचे दाणे रंग बदलू लागले की ते पुन्हा तापवून वाळवावेत.