ग्राउंडहॉगपासून परसबाग वाचवताना या चुका टाळा

अमेरिकेत न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात घरामागे दुधी, मेथी, वालपापडी लावणाऱ्यांना ग्राउंडहॉगचा, म्हणजेच वुडचक या बिळात राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या जाडजूड प्राण्याचा उपद्रव नवा नाही. कुंपण घालूनही तो आत शिरतो, आणि याचं कारण बहुधा कुंपणातच सापडतं.

आधी चोर कोण ते पाहा. वाफ्यात वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या असतील तर तो ससा. चार-पाच फुटांवरची पानं ओरबाडलेली असतील तर हरीण. ग्राउंडहॉग दिवसाढवळ्या चरतो आणि त्याचं बीळ जवळच, बहुधा शेडखाली किंवा डेकखाली असतं. बिळाचं मुख्य तोंड १०-१२ इंच रुंद असतं आणि बाहेर मातीचा ढीग दिसतो. मागची तोंडं गवतात लपलेली असतात, तीही शोधा.

जाळी वरपर्यंत ताणून बांधणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. हा प्राणी उत्तम चढतो, त्यामुळे ताठ जाळी म्हणजे त्याला आयती शिडीच. ५ फूट रुंदीची चिकन वायर, म्हणजे षटकोनी छिद्रांची तारेची जाळी घ्या. मधली ३ फूट खांबांना बांधा, वरची १ फूट मोकळी सोडून बाहेर झुकवा. त्याच्या वजनाने ती लवते आणि तो मागे पडतो. खालची १ फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा, इंच-दोन इंच मातीखाली दाबा आणि दर दीड फुटावर यू आकाराच्या खिळ्यांनी पक्की करा. तो कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरतो, तिथेच जाळी आडवी येते. आत वळवलेली जाळी कुचकामी. प्लास्टिकची तर तो कुरतडूनच टाकतो.

एवढं करूनही येत असेल तर फाटकाखालची फट तपासा. तिथे जमिनीत फरशा बसवा. तरीही दाद देत नसेल, तर कुंपणाच्या बाहेर ४-५ इंचांवर, जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर विजेच्या कुंपणाची एक तार लावा. गवत तारेला टेकलं की झटक्याचा जोर जातो, त्यामुळे खालचं गवत नियमित कापा.

बीळ चुकीच्या वेळी बुजवणं क्रूरही आहे आणि निरुपयोगीही. पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात, ती आत अडकून मरतात. बाहेर असलेली आई पुन्हा उकरते. जुलैअखेर ते सप्टेंबर हा योग्य काळ. प्रत्येक तोंडात चुरगळलेलं वर्तमानपत्र सैलसर कोंबा. कोरड्या हवेत तीन दिवस ते हललं नाही तर बीळ रिकामं समजा. हिवाळ्यात ही परीक्षा फसवते, कारण तो आत गाढ झोपलेला असतो. रिकाम्या बिळाच्या तोंडावर ३ बाय ३ फुटांची वेल्डेड जाळी फूटभर खोल पुरा.

बिळात डांबरगोळ्या टाकू नका. तो वापर बेकायदा आहे आणि विष भाजीच्या मातीत उतरतं. पिंजऱ्यात पकडून दूर सोडणंही अनेक राज्यांत बेकायदा आहे, म्हणून आधी राज्याच्या वन्यजीव विभागाला विचारा. परवानगी असेल तर पिंजरा रात्री बंद ठेवा, नाहीतर सकाळी आत स्कंक, म्हणजे दुर्गंधी फवारणारा निशाचर प्राणी सापडेल. पकडलेल्या प्राण्याला हात लावू नका, त्याला रेबीज असू शकतो.