मणक्याला मार लागलेला पेशंट घरी आला की काय काय करायचं (नागपूरचा उन्हाळा धरून)

ऑपरेशन झालं, डिस्चार्ज मिळाला, हातात जाडजूड फाइल आली की घरच्यांना वाटतं मोठं काम आटोपलं, पण खरं काम इथूनच सुरू होतं. मज्जारज्जूला (मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोरीला) इजा झाली की त्या लेव्हलच्या खाली नुसती हालचालच जात नाही, दुखणं, चटका, लघवी भरल्याची जाणीव हेही जातं किंवा कमी होतं, म्हणून शरीर जे आपणहून सांगायचं ते आता घड्याळ पाहून आणि डोळ्यांनी तपासून आपल्याला ओळखावं लागतं. मोठ्या भावाचं सगळं घरीच करून राहिलोय, डॉक्टरांनी आणि फिजिओने जे शिकवलं ते क्रमाने लिहितो.

सुट्टी व्हायच्या आधी वॉर्डातच दोन गोष्टी विचारून घ्या. इजा कोणत्या लेव्हलची (सी५, डी१०, एल१ असं लिहिलेलं असतं, सी म्हणजे मान, डी म्हणजे छाती, एल म्हणजे कंबर, डीच्या जागी टी असलं तरी तेच) आणि पूर्ण आहे (खाली काहीच जाणीव-हालचाल उरली नाही) की अपूर्ण (थोडी उरली). कूस बदलणं आणि कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालणं सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा, नुसतं पाहून येत नाही. आणि घरातल्या किमान दोघांनी शिका, एकटी आई किंवा बायको किती दिवस रात्रभर जागेल?

मग बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा. झोपलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मोबाइलवर अलार्म लावा. व्हीलचेअरवर असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून बैठकीवरचा भार एक-दोन मिनिटं काढायचा. रोज सकाळ-संध्याकाळ माकडहाड, बैठकीची हाडं, मांडीच्या बाजू, टाचा, घोटे हे सगळं बघायचं, पेशंटला स्वतःला बघता यावं म्हणून लांब दांड्याचा आरसा द्या. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, तिथे जागा जास्त काळपट, गरम किंवा टणक लागते, म्हणून हात लावून बघा. असा डाग दिसला तर त्यावर अजिबात भार द्यायचा नाही आणि चोळायचंही नाही. मेडिकल स्टोअरमध्ये मधे भोक असलेली गोल गादी देतात, ती घेऊ नका, कडेने दाब पडून तिथला रक्तपुरवठा उलट कमी होतो. चांगली कुशन महाग असते हे खरं, पण जखम हाडापर्यंत गेली की महिनोन् महिने बिछान्यावर काढावे लागतात.

लघवीचं. डॉक्टरांनी थोड्या थोड्या वेळाने कॅथेटर घालायला सांगितलं असेल तर साधारण दर ४ ते ६ तासांनी, हात साबणाने स्वच्छ धुऊन, आणि एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. पिशवी गळू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं असं खूप घरांत करतात, कृपा करून करू नका. ताप, गढूळ वास येणारी लघवी, पाय अचानक जास्त आखडणं ही इन्फेक्शनची लक्षणं, लगेच तपासून घ्या. संडासचंही वेळापत्रक लावायचं, रोज किंवा एक दिवसाआड ठरलेल्या वेळी, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत.

आता आपला एप्रिल-मे, पारा ४५ च्या घरात. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर खालच्या शरीराला घामच नीट येत नाही आणि अंग वातावरणासारखं तापत जातं, म्हणजे ज्या उन्हात तुम्ही-आम्ही नुसते वैतागतो त्यात हा माणूस खरोखर आजारी पडतो. दुपारी ११ ते ५ बाहेर नेऊ नका, कूलर असला तरी खिडकी उघडी ठेवा नाहीतर खोलीत दमट होतं, मान-चेहऱ्यावर ओला टॉवेल आणि पाण्याचा स्प्रे जवळ ठेवा, अंग तापलेलं वाटलं तर थर्मामीटर लावा. पाणी वाढवलं की कॅथेटरही दिवसातून जास्त वेळा घाला, हे लोक विसरतात. उन्हात उभ्या व्हीलचेअरचं लोखंड, गच्चीची फरशी, गाडीचं सायलेन्सर यांनी भाजतं आणि कळतही नाही. डिसेंबरात शेकोटी आणि गरम पाण्याच्या पिशवीचं तेच.

एक इमर्जन्सी मात्र पाठ करा. सहाव्या छातीच्या मणक्याच्या (डी६) लेव्हलला किंवा वर इजा असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, कपाळाला घाम, तर बीपी वाढलं समजा. अशा पेशंटचं नेहमीचं वरचं बीपी ९०-११० असतं, म्हणून १४० सुद्धा त्याच्यासाठी जास्त. आधी उठवून बसवा, पट्टा-मोजे सैल करा, कॅथेटरची नळी वळली किंवा तुंबली का बघा, लघवी साठली असेल तर काढा. हे करूनही उतरलं नाही तर १०८ ला फोन करा आणि तिथे लेव्हल सांगा, कारण हे प्रत्येक डॉक्टरच्या रोजच्या पाहण्यातलं नसतं.

व्यायाम रोज, पण खांदे जपून. पेशंटला काखेत धरून ओढायचं नाही, ट्रान्सफर बोर्डावरून (बिछाना आणि खुर्चीच्या मधे ठेवायची गुळगुळीत फळी) सरकवायचं. एकाच पोटरीला सूज आली तर मालिश न करता डॉक्टरला दाखवा, आत रक्ताची गुठळी असू शकते.

कुठे जायचं? पुनर्वसनाचे डॉक्टर वेगळे असतात, त्यांच्या विभागाला पीएमआर म्हणतात, मिहानच्या एम्समध्ये हा विभाग आहे. व्हीलचेअर आणि इतर साधनांसाठी केंद्र सरकारचं सीआरसी (दिव्यांगांसाठीचं केंद्र) नागपुरात आहे, तिथे चौकशी करा आणि व्हीलचेअर मापाचीच मागा, मोठी चेअर घेतली की माणूस एका बाजूला कलतो. बाहेर पडायला मेट्रो बरी, स्टेशनवर लिफ्ट आहेत. मन खचत असेल, पेशंटचं किंवा तुमचं, तर १४४१६ वर टेली मानस ही मानसिक आधाराची सरकारी फोन सेवा मोफत आहे.

कागदांत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी करा, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा आणि मग सरकारी तपासणी. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत दाराजवळच टांगून ठेवा, नेहमीचं बीपी त्यावर मोठ्या अक्षरात लिहून.