माग थांबवायचा हक्क कामगाराला कसा द्यावा

टेरी टॉवेलला दोन ताणे, म्हणजे उभ्या सुतांचे दोन संच, लागतात: एक जमिनीचा, म्हणजे पायाच्या कापडाचा, आणि एक वर उठणाऱ्या लूपचा. लूपच्या ताण्याचा ताण ढळला की लूप लहानमोठे पडायला लागतात. मागापाशी उभ्या माणसाला हे वीतभर कापडात दिसतं. घडीच्या टेबलावर दिसतं, तोवर अख्खा लॉट सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, गेलेला असतो. म्हणून सोलापुरातल्या कारखानदाराने माणसं घडवायला इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे: मालकाला न विचारता माग बंद करायचा हक्क द्यावा.

१. आधी मजुरीचं बघा.
आपल्याकडे बरीच कामं पीस रेटवर, म्हणजे जेवढा माल तेवढी मजुरी अशी, चालतात. माग थांबला की मजुरी थांबली. अशा माणसाला ‘दोष दिसला तर थांब’ म्हणणं म्हणजे दर्जाचा खर्च त्याच्या खिशातून काढणं. मी हे सुरुवातीला नुसतं तोंडी सांगितलं होतं. तीन आठवडे एकही माग थांबला नाही. मग थांबलेल्या वेळेची मजुरी त्याच्या मागच्या आठवड्याच्या सरासरीने हिशोबात धरली, तेव्हा कुठे माग थांबू लागले. हे पैसे पहिल्याच पगारात हातात पडले पाहिजेत.

२. हद्द ठरवा.
तुटलेलं सूत, ढळलेला ताण, तेलाचा डाग यासाठी कामगाराने स्वतः थांबवायचं. जकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेला, हात जॉबरनेच, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मुख्य कारागिरानेच, लावायचा. अमुक रुपयांपर्यंतचा सुटा भाग जॉबरने न विचारता आणायचा. आकडा तुमच्या ऐपतीप्रमाणे ठेवा, पण ठेवाच. आणि हे मराठीत फळ्यावर लिहून भागत नाही. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. ज्याला त्याला त्याच्या भाषेत, मागापाशी उभं राहून सांगावं.

३. दुसरं काम शिकवा.
मागवाल्याला वार्पिंग (ताणा तयार करणं), कांडीवाल्याला (आडव्या सुताच्या कांड्या भरणाऱ्याला) माग. आठवड्यातून दोन तास पुरतात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत माणसं कमी असली की याचा उपयोग कळतो. अडचण जॉबरची असते: विद्या दिली तर आपली किंमत जाईल, ही त्याची भीती खरी आहे. शिकवण्याचे त्याला वेगळे पैसे द्या, आणि त्याच्या हाताखालचा माणूस तयार झाला की त्याचाही पगार वाढवा.

शिलाई आणि घडीच्या खात्यातल्या बायकांना विसरू नका. कोणत्या मागाचा माल सारखा बिघडून येतो, हे त्यांना पाठ असतं. त्यांना कुणी विचारतच नाही. रोज सुट्टीआधी दहा मिनिटं मागवाल्यांना त्यांच्या टेबलापाशी बसवा.

४. नवी मुलं घ्या.
अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिना १५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलतं. छोट्या कारखान्यांनीही याचा लाभ जरूर घ्यावा.

५. पहिली चूक सांभाळा.
कधीतरी कुणीतरी विनाकारण वीस मिनिटं माग थांबवेल. त्या वेळी सगळं खातं तुमच्या तोंडाकडे बघत असतं. आवाज चढवू नका. ‘काय दिसलं तुला?’ एवढंच विचारा, त्याच्यासोबत कापड उजेडात धरून बघा, आणि त्या वीस मिनिटांची मजुरी त्याच्यासमोर वहीत लिहा.