लँडफिल चालवायचं तर आधी पाणी आवरा

लँडफिलचा, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेचा, हिशेब सगळे टनांत करतात. तो आधी पावसाच्या मिलिमीटरमध्ये करावा. एक हेक्टरचा सेल (कचरा भरायचा कप्पा) उघडा आहे आणि दिवसात 100 मिमी पाऊस झाला, तर दहा लाख लिटर पाणी कचऱ्यात उतरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. कोकणात असे दिवस दर पावसाळ्यात येतात. म्हणून सगळी जागा एकदम खोदू नका. वर्षा-दोन वर्षांपुरते सेल करा आणि मध्ये बांध घाला, म्हणजे रिकाम्या सेलमधलं स्वच्छ पाणी कचऱ्याला लागण्याआधीच बाहेर काढता येतं.

जागेबाबत 2016 चे घनकचरा नियम स्पष्ट होते: नदीपासून 100 मीटर, तळी, वस्ती, महामार्ग आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून 200 मीटर, भूजलाची सर्वांत वरची पातळी तळाच्या मातीच्या थराखाली निदान 2 मीटर. ही पातळी ऑगस्ट-सप्टेंबरात मोजा. मे महिन्यातली विहीर बघून आखलेला तळ पावसाळ्यात तरंगायला लागतो.

तळाला 90 सेंटिमीटर चिकणमाती, तिच्यावर 1.5 मिमी जाडीची एचडीपीई (टणक प्लॅस्टिकची) शीट. काळी माती चालते, पण ढेकळं फोडून, इष्टतम ओलाव्याहून (ज्या ओलाव्याला माती सर्वांत घट्ट दबते) दोन-तीन टक्के जास्त ओली करून, पॅडफूट (खुरांसारखे उंचवटे असलेल्या) रोलरने 15-15 सेंटिमीटरचे थर दाबा. पुढचा थर टाकण्याआधी खालचा खरवडा. उन्हात दुपारभर उघडी पडली की ती भेगाळते, आणि मग वरची शीट कितीही चांगली असली तरी खालचा आधार गेलेला असतो.

शीटचं वेल्डिंग सकाळी उरका. उन्हात ती फुगून सुरकुत्या पडतात. दुहेरी जोडाच्या मधल्या पोकळीत सुमारे 200 किलोपास्कल हवा भरून पाच मिनिटं थांबा. दाब 20 किलोपास्कलहून जास्त उतरला तर गळती शोधा. चाचणी संपल्यावर जोडाच्या दुसऱ्या टोकाला छेद द्या. तिथून हवा सुटली नाही, तर पोकळी मध्येच बुजलेली आहे आणि अर्धाच जोड तपासला गेला. ही पायरी घाईत हमखास गाळली जाते.

शीटवर जाड जिओटेक्सटाईल (कृत्रिम धाग्यांचं कापड) आलंच पाहिजे, कारण आपल्याकडची बेसॉल्टची खडी धारदार असते. त्यावर 30 सेंटिमीटर धुतलेली खडी, 2 टक्के उतार, छिद्रांचे एचडीपीई पाइप आणि सगळ्यांत खोल जागी संप, म्हणजे पाणी गोळा करून पंपाने उपसायचा खड्डा. शीटवर लीचेट (कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी) 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त साचू देऊ नका. कचऱ्याचा पहिला दीड मीटर थर मऊ, निवडलेला हवा. सळ्या, लाकडं नकोत आणि त्यावर कॉम्पॅक्टरही (कचरा दाबणारं जड यंत्र) नको.

रोजचं काम: त्या दिवशी लागेल तेवढाच छोटा भाग उघडा ठेवा. कचरा अर्ध्या मीटरच्या थरांत, 1:3 उतारावर, खालून वर ढकला आणि कॉम्पॅक्टरच्या तीन ते पाच फेऱ्या मारा. संध्याकाळी 10 सेंटिमीटर मुरूम किंवा बारीक राडारोडा. चिकणमातीचं आवरण घातलं असेल तर दुसऱ्या दिवशी ते खरवडून काढा. नाहीतर पाणी त्या थरावर अडून आडवं सरकतं आणि कडेच्या उतारातून काळं पाणी झिरपू लागतं. पावसाळ्याआधी 40 ते 65 सेंटिमीटरचं दाबलेलं आवरण, तेही नीट उतार देऊन. खड्डा राहिला की तिथे तळं होतं.

धूर दिसला तर वरून टँकर ओतू नका; पाणी वाट मिळेल तिकडून खाली जातं, आग आत तशीच राहते आणि लीचेट मात्र वाढतं. मातीने हवा तोडा, आग छोटी असेल तर धुमसणारा भाग उकरून बाजूला पसरा आणि तिथे विझवा. मात्र कचरा कुजून तयार होणारा मिथेन वायू मोजल्याशिवाय उकरायला घेऊ नका. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन स्फोटाला पुरतो.

माथ्यावर काठाला समांतर भेग पडली आणि पायथ्याशी ओल आली, तर ढीग घसरू शकतो; वरच्या गाड्या लगेच थांबवा आणि खालची माणसं हलवा. मग भेग बुजवत बसण्याआधी संपमधल्या पाण्याची पातळी बघा. पंप बंद पडलेला असू शकतो.