बालगृहात व्हॉलंटियर म्हणून जाताय? मग परत येण्याचं आधी ठरवा

नेपाळला म्हणा की अजून कुठं, बालगृहात काम करायला जाणार असाल तर परत जायची तारीख लेकरांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. माझ्याकडे सध्या बरीच पोरं-पोरी विचारायला येतात, सगळ्यांचे प्रश्न जाण्याबद्दलचे असतात, म्हणजे फॉर्म, खर्च, राहायची सोय, जेवण वगैरे, आणि परत येण्याबद्दल कोणीच विचारत नाही. म्हणून हे लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, घरी कोरडवाहू शेती. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, झाल्यावर काठमांडूच्या एका बालगृहात होते. अभ्यास घेणं, आजारी लेकराला दवाखान्यात नेणं, आणि नंतर नंतर लेकरांच्या घरच्यांचा पत्ता शोधायच्या कामात मदत.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण परत आल्यावर गावात हेच सांगावं लागते. ज्यांना आपण अनाथ म्हणतो त्यातली बहुतेक अनाथ नसतात. सेव्ह द चिल्ड्रन संस्थेनं २००९ मध्ये मांडलं होतं की जगभरच्या अशा संस्थांमधल्या पाचपैकी किमान चार लेकरांचे आई किंवा बाप जिवंत असतात. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ यादवी चालली, त्या काळात हुम्लासारख्या लांबच्या डोंगरी जिल्ह्यातून दलालांनी लेकरं आणली, आईबापाला सांगितलं की शहरात चांगलं शिक्षण भेटेल, त्यासाठी पैसेही घेतले, आणि इकडे कागदावर लेकरू अनाथ दाखवलं. बालगृहं कुठं जास्त आहेत पाहा, काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन, म्हणजे जिथं परदेशी पर्यटक जातात तिथंच. आपण व्हॉलंटियर म्हणून पैसे भरून जातो तेव्हा अशा "अनाथ" लेकरांच्या मागणीत आपलीही भर पडू शकते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं ठरावात अनाथाश्रमातल्या व्हॉलंटियरिंगबद्दल सरळ इशारा दिलाय. म्हणून जायच्या आधी संस्थेला विचारा की किती लेकरं घरी परत पाठवली, लेकरांच्या घरच्यांशी भेट होते का, आणि माझं पोलीस व्हेरिफिकेशन मागणार का. तिसऱ्या प्रश्नाला "गरज नाही" म्हणाले तर जाऊ नका, लेकरांजवळ कोणालाही असंच सोडणारी ती जागा आहे.

आता निरोपाचं. गेटमध्ये पाय ठेवल्याबरोबर लहान लेकरं अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतात, आपल्याला वाटते किती माया आहे, पण ज्या लेकराला कायमचं असं एक माणूस भेटलं नाही ते असं कोणालाही बिलगते. रुमानियात १९८९ नंतर तिथल्या अनाथाश्रमातल्या लेकरांवर जो अभ्यास झाला त्यातही हे दिसलं, आणि जी लेकरं लहान वयातच कुटुंबात गेली ती जास्त सावरली हेही दिसलं. सोडून जाणारी माणसं या लेकरांनी लई पाहिलेली असतात हो. त्यामुळे आम्ही भिंतीवर कॅलेंडर लावलं, रोज एकेक जण खूण करायचा, आणि माझ्यानंतर अभ्यास कोण घेणार ती तिथलीच दिदी शेवटचे काही आठवडे माझ्या बाजूला बसून शिकवत होती, मी हळूहळू मागे सरकत गेले. "मी परत येईन" हे वाक्य तोंडातून काढू नका, कितीही रडू आलं तरी. येणार असाल तर येऊन दाखवा, आधी शब्द देऊ नका.

फोनचं सुद्धा निघायच्या आधी तिथल्या ताईंशी बोलून ठरवा. आमचं ठरलं ते असं, शनिवारी संध्याकाळी, कारण नेपाळमध्ये सुट्टी शनिवारची असते, संस्थेच्या फोनवर, सगळे मिळून. त्यांचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढं आहे, तेवढं लक्षात ठेवा, लेकरं पंधरा मिनिटं वाट पाहत बसतात. एकाच लाडक्या लेकराला वेगळा फोन, वेगळे पैसे, वेगळा ड्रेस असं करू नका, त्याचा त्रास बाकीच्यांना होतो आणि त्यालाही. दशैंमध्ये, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या वेळेस, तिकडून फोन आला नाही तर मला बरं वाटते, कारण तेव्हा बरीच लेकरं आपापल्या घरी टिका लावायला गेलेली असतात.

फोटोचं एकच सांगते. आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा लेकरांची ओळख, फोटो छापायला मनाई आहे, तोच नियम तिकडच्या लेकरांनाही लावा आणि स्टेटसला टाकू नका.

परतीचा रस्ता सोपा आहे, सुनौली बॉर्डर, गोरखपूर, तिथून नागपूरला थेट गाडी. नेपाळी रुपया आपल्या रुपयाशी १.६० ला बांधलेला आहे, उरलेले पैसे बॉर्डरवरच बदलून घ्या, इकडे आल्यावर कोणी घेत नाही. घरी आल्या आल्या खरूज, उवा बघा, आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करा, ती फुकट होते.

मग घर. आई म्हणाली, "काहून वं, इतकी वाळली, तिकडे खायले नव्हतं का?" शेजारच्या काकूंनी पगार विचारला, पगार नव्हता म्हटल्यावर त्यांना माझी कीवच आली. एका मामांनी तर मनापासून म्हटलं, "एखादं लेकरू इकडेच आणाचं होतं, वावरात खेळलं असतं." रागावू नका अशा वेळी. मी त्यांना हुम्लाच्या आईबापाचं सांगितलं, दलाल कसा येतो ते सांगितलं, मामा लगेच समजले, कारण गोड बोलून फसवणारे दलाल आपल्याकडेही कमी नाहीत.

पहिला महिना जड जाते. संध्याकाळी अभ्यासाची वेळ झाली की हात रिकामे वाटतात, ताटावर बसलं की त्यांची आठवण येते, झोप मोडते. कापूस वेचायला जा, कामात राहा, पण त्यानं भागत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी बोलले आहे, हलकं वाटते.

नोकरीसाठी अनुभवपत्र तिथं असतानाच घ्या, त्यात तारखा, काम आणि तास लिहून घ्या. "सेवा केली" एवढ्यावर इंटरव्ह्यूत कोणी काही विचारत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी जागा निघतात, सोशल वर्कर, समुपदेशक, तिथं हा अनुभव खरंच कामी येतो. पुढं कधी बाल कल्याण समितीवर जायचं मनात असेल तर लेकरांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव विचारतात, तेव्हा कागद आतापासूनच जपा.

आणि नोकरी लागेपर्यंत गावातच एक काम करता येते, मी तेच करते आहे. बाप गेलेली लेकरं आपल्या गावागावात आहेत, आणि शिकवायला पैसे नाहीत म्हणून आई त्यांना कुठंतरी संस्थेत टाकायचा विचार करते. तिला राज्य सरकारची बालसंगोपन योजना सांगा, एक पालक असलेल्या लेकरालाही चालते, महिन्याला २२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४००० रुपये आहेत, त्याला गावाकडे वर्षाचं उत्पन्न ७२,००० च्या आत लागते. मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, पासबुक, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात जायचं. बाई एकटी जात नाही, मजुरी बुडते आणि साहेबापुढं बोलायची भीती वाटते, तेव्हा तुम्ही सोबत जा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.