फटकळ माणसाचा सिनेमा आणि माझा लघुप्रबंध

माझ्या एम.ए.च्या लघुप्रबंधाचं नाव मला कधीच एका दमात सांगता आलं नाही: 'बेधडक रेडिओ निवेदकांवरील दोन अमेरिकन चरित्रपटांना समीक्षकांचा प्रतिसाद'. आईनं शेजारच्या काकूंना सांगताना त्याचं 'रेडिओवर काहीतरी करतेय' असं केलं. त्यानंतर कितीतरी दिवस काकू मला जिन्यात गाठून विचारायच्या, "किती वाजता लागतो गं तुझा कार्यक्रम?"

या वर्षी धाकट्या बॅचमधल्या दोघीतिघींनी असेच विषय घेतलेत. म्हणजे सिनेमावर नाही, तर सिनेमाबद्दल लोक काय बोलले त्यावर. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं, मी जिथे ठेचकाळले त्याच वाटेनं त्याही निघाल्यात. म्हणून हे लिहून ठेवतेय.

माझे दोन सिनेमे असे. पहिला 'प्रायव्हेट पार्ट्स', १९९७चा, हॉवर्ड स्टर्नवरचा. न्यूयॉर्कचा हा माणूस सकाळच्या कार्यक्रमात बायको, साहेब, स्वतःचं शरीर, कशालाच सोडायचा नाही. अश्लील प्रसारणाच्या तक्रारींपायी त्याच्या कंपनीला १९९५मध्ये सरकारी आयोगाला १७ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं होतं. सिनेमात त्यानं स्वतःचं काम स्वतःच केलंय, अगदी कॉलेजातल्या पोराचंसुद्धा, टोप लावून. दुसरा 'टॉक टू मी', २००७चा, पीटी ग्रीनवरचा. वॉशिंग्टनचा कृष्णवर्णीय माणूस. सशस्त्र दरोड्यासाठी तुरुंगात गेला, १९६६मध्ये सुटला आणि डब्ल्यूओएल नावाच्या स्टेशनात माइकसमोर बसला. ती भूमिका डॉन चीडलची, दिग्दर्शन केसी लेमन्सचं. स्टर्न आणि ग्रीनची खऱ्या आयुष्यात गाठही पडली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्टर्न वॉशिंग्टनमध्ये नोकरीला असताना ग्रीनच्या टीव्ही कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला होता, तोंडाला काळं फासून. (हे शब्दशः घ्या, वाक्प्रचार म्हणून नाही. आता मागे वळून बघताना वाक्प्रचारही चालेल.)

पहिले दोन महिने मी तारे मोजण्यात घालवले. कुणी चारपैकी तीन दिलेले (स्टर्नच्या सिनेमाला अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टनं तेवढे दिले होते), कुणी पाचपैकी साडेतीन, कुणी 'बी प्लस'. सगळं शंभराच्या मापात बसवलं, एक्सेलमध्ये रंगीत आलेख काढले, आणि मोठ्या अभिमानानं गाइड मॅडमपुढे ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "छान आहे. आता मला सांग, लोकांना यात नक्की काय आवडलं?" मला सांगता येईना. दोन्ही सिनेमांना बहुतेकांनी चांगलं म्हटलं होतं, एवढंच माझे आलेख सांगत होते, आणि तेवढं एक्सेल न उघडताही दिसत होतं.

"विशेषणं बघ," मॅडम म्हणाल्या. "माणसाला काय म्हणतात ते वेगळं काढ, सिनेमाला काय म्हणतात ते वेगळं."

मग मी सगळ्या समीक्षांच्या प्रिंट काढल्या आणि मेसच्या टेबलावर दोन पेन्सिली घेऊन बसले. लाल माणसासाठी, निळी सिनेमासाठी. दुसऱ्याच पानावर अडले. 'धाडसी' हा शब्द होता. धाडसी कोण, स्टर्न की त्याच्यावर सिनेमा काढणारे? लाल मारली, खोडली, निळी मारली. शेवटी तिसरी, हिरवी पेन्सिल आणली, 'ठरत नाही' यासाठी. आणि खरं सांगते, अख्ख्या प्रबंधात वाचण्यासारखं जे काही आहे ते त्या हिरव्या खुणांमधून आलं.

मराठीत लिहीत होते याचा इथे फायदा झाला. इंग्रजीतलं एखादं विशेषण मराठीत आणायचं तर आधी ठरवावं लागतं, हा माणूस परखड आहे, स्पष्टवक्ता आहे, फटकळ आहे, तोंडाळ आहे की शिवराळ? आपल्याकडे ही चांगली उतरंडच आहे. माझ्या आजीला परखड म्हटलंत तर ती खूश होईल, फटकळ म्हटलंत तर हसेल, आणि तोंडाळ म्हटलंत तर त्या दिवशी ताट बाहेरून मागवा. तर समीक्षक माणसाला या उतरंडीत कुठे बसवतोय ते बघायचं आणि सिनेमा त्याला कुठे बसवू बघतोय तेही. बेधडक माणसावरचा चरित्रपट जवळजवळ नेहमी त्याला एकदोन पायऱ्या वर चढवतो. तोंडाळाचा फटकळ, फटकळाचा परखड. काही समीक्षकांना हे चढवणं दिसतं, काहींना दिसत नाही, आणि काहींना दिसूनही आवडतं.

स्टर्नचं उदाहरण सरळ आहे. त्याच्यावरच्या समीक्षांमध्ये आश्चर्याचा सूर वारंवार येतो: नावडेल असं धरून गेलो होतो, पण हसू आलं, माणूस गोड वाटला. कारण बेट्टी थॉमसनं केलेला तो सिनेमा मुळात नवराबायकोची गोष्ट आहे. बायकोचा गर्भपात झाला त्यावर तो रेडिओवर विनोद करतो, ती दुखावते, तो ओशाळतो. तोंडाळ माणूस घरी आल्यावर प्रेमळ नवरा होतो. ज्यांनी कुरकुर केली त्यांची तक्रारही तीच होती: धार बोथट केली, धुऊनपुसून ठेवला. म्हणजे कौतुक आणि तक्रार एकाच गोष्टीबद्दल. तारे मोजत बसलं की हे हाती लागत नाही. शिवाय १९९९मध्ये ते जोडपं विभक्त झालं आणि २००१मध्ये घटस्फोट झाला. १९९७ची समीक्षा आणि पुढे दहा वर्षांनी लिहिलेली समीक्षा एकाच ढिगात टाकू नका हे मी त्यावरून शिकले. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात आधी तारीख घाला, मग वाचा.

त्या सिनेमातला माझा लाडका प्रसंग म्हणजे पॉल जियामाटीचा. स्टर्नचा वरिष्ठ, जो त्याला डब्ल्यूएनबीसी ही त्यांच्या रेडिओ स्टेशनच्या नावाची अक्षरं कशी उच्चारायची ते शिकवतो. मधला 'एन' लांबवायचा, नाकातून, दक्षिणेकडच्या हेलात. पुन्हा म्हण. पुन्हा म्हण. स्टर्न मुद्दाम चुकतो. आवाजावरच पोट भरणाऱ्या माणसाला एकेका अक्षरासाठी कसं दामटलं जातं, हे त्याहून चांगलं मी कुठे पाहिलेलं नाही. जियामाटीचं नाव तेव्हा फारसं कुणाला माहीत नव्हतं.

पीटी ग्रीननं मात्र मला खरंच दमवलं.

'टॉक टू मी'बद्दल अनेकांनी एकच वाक्य थोड्याफार फरकानं लिहिलंय: पहिला अर्धा भाग सळसळता, दुसरा नेहमीच्या चरित्रपटाच्या वळणावर जाऊन मंदावतो. इतक्या जणांनी लिहिलं की मला वाटलं, एकमेकांचं बघून लिहितायत. मग मी वही घेऊन सिनेमा पुन्हा पाहिला आणि प्रत्येक प्रसंगापुढे तो कुणाचा आहे ते लिहीत गेले, पीचा की डीचा. डी म्हणजे ड्यूई ह्यूझ, स्टेशनातला अधिकारी, ज्यानं ग्रीनला माइकपर्यंत आणलं. सुरुवातीला पान पी-पी-पीनं भरतं. ४ एप्रिल १९६८, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती रात्र, शहर पेटलंय आणि पीटी रेडिओवरून लोकांना घरी जा म्हणतोय. समीक्षकांनी सर्वात जास्त लिहिलंय ते याच भागावर, आणि विशेषणांची उतरंडही इथेच वर चढते. फटकळ माणूस एका रात्रीत शहाणा वडीलधारा होतो. पुढे ड्यूई त्याला राष्ट्रीय टीव्हीवर नेतो, समोर बहुतेक गोरे प्रेक्षक, आणि पीटी विनोद करायचं नाकारून निघून जातो. त्यानंतर माझ्या वहीत डी-डी-डी. पीटी पाहुण्यासारखा येतो-जातो.

असं का झालं याचं उत्तर श्रेयनामावलीत होतं आणि मी ती दोनदा पुढे ढकलली होती. पटकथाकारांपैकी एक मायकल जेने, म्हणजे ड्यूई ह्यूझचा मुलगा. मुलानं वडिलांची गोष्ट लिहिली होती, तीत पीटी हा वडिलांचा मित्र. दुसरा अर्धा भाग घसरत नाही, तिथे सिनेमाचा खरा नायक पुढे येतो. ड्यूई साकारणाऱ्या चुइटेल एजिओफोरला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला तोही सहायक अभिनेता म्हणून, हा त्यातला आणखी एक विनोद. आणि वडिलांची गोष्ट म्हटलं की काय गाळलं जातं तेही बघा. १९८०मध्ये ते स्टेशन ड्यूईच्या बरोबरीनं विकत घेणारी त्याची तेव्हाची पत्नी कॅथी ह्यूझ सिनेमात नाही. ती पुढे रेडिओ वन ही मोठी कंपनी उभारणारी बाई. हे जोडायला मला तीन आठवडे लागले. तुम्ही पहिल्याच दिवशी शेवटची नावं संपेपर्यंत बसा.

कमाईचं थोडक्यात. स्टर्नचा सिनेमा पहिल्या आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता आणि तिथे त्यानं ४ कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. ग्रीनच्या सिनेमाला ५० लाखही गाठता आले नाहीत. समीक्षकांचा सूर दोघांनाही साधारण तितकाच अनुकूल. एक रेघ ओढा आणि पुढे जा, यावर प्रकरण लिहू नका. मी लिहिलं होतं, मॅडमनी कापलं.

इथे बसून हे वाचताना आणखी एक अडचण येते. आपण ज्या रेडिओवर वाढलो तिथे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही. निवेदक म्हणजे गाणी, ट्रॅफिक आणि फोन करून कुणाची तरी फिरकी. त्यामुळे रेडिओवर बोलून एखादा माणूस शहराचा आवाज होतो म्हणजे काय, ते आपल्याला ऐकीव माहितीवरून कळतं. ग्रीन जानेवारी १९८४मध्ये गेला तेव्हा अंत्यदर्शनाला सुमारे १०,००० लोक आले होते. वॉशिंग्टनचा समीक्षक ते मनात धरून लिहितो, लॉस एंजेलिसचा समीक्षक चीडलचा अभिनय बघून लिहितो. म्हणून तारखेखाली गावाचं नावही घाला.

आता तोंडी परीक्षेचं सांगते, ते सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, चार प्रती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, हळू बोलत होते. त्यांनी पानं चाळली, हिरव्या पेन्सिलीचं प्रकरण त्यांना आवडलंही. मग विचारलं, "तुम्ही या पीटी ग्रीनना ऐकलंय का?"

मी म्हटलं, "सर, सिनेमा नऊ वेळा पाहिलाय."

"सिनेमा नाही. त्यांना."

नव्हतं ऐकलं. शंभरेक पानं लिहिली होती, एकेक विशेषण तोलून लावलं होतं, आणि त्या माणसाचा आवाज एकदाही कानावर पडला नव्हता. चीडलचाच आवाज ग्रीनचा म्हणून डोक्यात बसला होता. परीक्षक रागावले नाहीत. "हरकत नाही," म्हणाले आणि प्रत मिटून ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री होस्टेलवर येऊन शोधलं. ग्रीनच्या टीव्ही कार्यक्रमातला तुकडा मिळाला, कलिंगड कसं खावं यावरचा. माणूस खुर्चीत बसलाय, हातात कलिंगड, आणि ते काट्याचमच्यानं नाही तर हातानं कसं खायचं ते समजावतोय. चारचौघांत कलिंगड खायची लाज वाटणाऱ्या आपल्याच लोकांना टोमणे मारतोय. मी आरडाओरडा ऐकायच्या तयारीनं कानात इयरफोन घातले होते. तो ओरडतच नव्हता. ओट्यावर बसून एखाद्या आत्यानं सगळ्या भावकीची उणीदुणी काढावीत, तसा सावकाश, चवीनं बोलत होता.

माझ्या प्रतीच्या पान १४वर त्याच्यासाठी 'आक्रमक' असा शब्द आहे. बाइंडिंग झालेलं होतं, त्यामुळे तो तसाच राहिला. समासात पेन्सिलीनं मी एक प्रश्नचिन्ह केलंय, हिरव्या.